आंब्याच्या हंगामात चॅनलला सुट्टी द्यावी का?

नमस्कार. प्रश्न विचारणारे गृहस्थ रत्नागिरी तालुक्यातील आंबा बागायतदार आहेत. त्यांची सुमारे ३५० कलमांची बाग आहे आणि बागेतील कामांवर ते गेली ४ वर्षे यूट्यूबवर दर रविवारी एक व्हिडिओ टाकतात. सबस्क्रायबर १८ हजारांच्या आसपास आहेत. १५ एप्रिलपासून मे संपेपर्यंत काढणी, अढी, पेट्या भरणे आणि गाडी गाठणे यांतून त्यांना मान वर करायला सवड मिळत नाही. गेल्या वर्षी रात्री जागून व्हिडिओ पुरे केले, पण ते त्यांच्या स्वतःच्याच मनास उतरले नाहीत, आणि त्या जागरणात एकदा भलत्याच गिऱ्हाइकाची पेटी भलत्याच पत्त्यावर गेली. घरची मंडळी म्हणतात, या वर्षी दीड महिना चॅनल बंद ठेवा. बागायतदारांना स्वतःला भीती अशी की यूट्यूब चॅनलला मागे टाकेल आणि ऑर्डरही घटतील. थांबावे का, थांबायचे तर कसे, आणि दर वर्षी असेच करावे का, असे त्यांचे विचारणे आहे.

मी २०१४ पासून शेतीचे व्हिडिओ करतो आणि अलीकडे इतर शेतकऱ्यांची चॅनल मार्गी लावून देण्याचे कामही करतो, त्यांत कोकणातील काही बागायतदार आहेत. त्या अनुभवावरून सांगायचे तर माझे उत्तर सरळ आहे: थांबा. मात्र चॅनल चालवणे म्हणजे एकच काम नव्हे. चित्रीकरण, संपादन, व्हिडिओ प्रसिद्ध करणे आणि आलेल्या टिप्पण्यांना व फोनला उत्तरे देणे, अशी ती चार वेगळी कामे आहेत. त्यांतील संपादन आणि प्रसिद्धी या दीड महिन्यात बंद ठेवायची आहेत, आणि उत्तरे देणे अगदी थोडक्यावर आणायचे आहे. पहिले काम, म्हणजे चित्रीकरण, थांबवू नका. उलट वर्षातील याच दिवसांत ते सर्वांत जास्त झाले पाहिजे. असे का, ते पुढे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातील खरी अडचण तेथेच आहे असे मला वाटते.

आधी भीतीबद्दल. यूट्यूब आपल्या चॅनलचा हजेरीपट ठेवते आणि खाडा झाला की दंड करते, अशी समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात कोणत्या प्रेक्षकापुढे कोणता व्हिडिओ ठेवायचा हे त्या प्रेक्षकाने पूर्वी काय पाहिले, किती वेळ पाहिले, यावरून ठरत जाते. तुमचा नवा व्हिडिओ आला नाही तर पुढे ठेवण्यासारखे नवे काही नसते, एवढेच. जुन्या व्हिडिओंवर त्याचा राग निघत नाही. सुझन वोजिस्की यूट्यूबच्या प्रमुख असताना २०१९ साली त्यांनी व्हिडिओकर्त्यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले होते की, त्यांच्या चमूने अनेक वर्षांतील असे खंड तपासले आणि सरासरीने पाहता चॅनल परतल्यानंतरची दर्शकसंख्या थांबण्यापूर्वीच्या संख्येपेक्षा जास्तच आढळली. हा सरासरीचा आकडा आहे आणि तो कंपनीनेच सांगितलेला आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. माझ्या पाहण्यात असे आले आहे की, परतल्यानंतरचा पहिला व्हिडिओ पहिले दोन दिवस अंमळ थंड असतो, कारण रविवारी सकाळी तुमचा व्हिडिओ लावण्याची सवय काही लोकांची सुटलेली असते. तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओपर्यंत ती बहुधा परत लागते.

ज्याने खरोखर नुकसान होते तो न सांगता पडलेला खंड. २०१८ साली घरातील आजारपणामुळे मी सात आठवडे काहीही टाकले नाही आणि त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. परत आलो तेव्हा व्हिडिओ लोकांनी पाहिले, परंतु टिप्पण्यांत निम्मे लोक मी हा नाद सोडला असे धरून चालले होते, आणि एका गृहस्थांनी तर अत्यंत आदराने माझ्या कुटुंबीयांना सांत्वनपर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांना मी जिवंत असल्याचे कळवताना मलाच संकोच वाटला.

तुमच्या चॅनलला खंडाची झळ किती बसेल, याचा अंदाज तुम्हाला आजच बांधता येईल. यूट्यूब स्टुडिओमधील ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक कोठून आले हे दाखवणारा भाग असतो. तेथे गेल्या वर्षभराचे आकडे लावून पाहा. यूट्यूबवर शोध घेऊन आलेले आणि इतर व्हिडिओंच्या शेजारी दिसल्यामुळे आलेले प्रेक्षक निम्म्याहून जास्त असतील, तर तुमचे चॅनल जुन्या व्हिडिओंवर उभे आहे आणि दीड महिन्याने त्याला फारसे काही होत नाही. शेतीच्या चॅनलचे बहुधा असेच असते. कलमाला कल्टार (मोहोर लवकर व नियमित यावा म्हणून देतात ते औषध) कसे द्यावे हे लोक जुलै-ऑगस्टमध्ये शोधतात, तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग यांवरची फवारणी थंडी पडू लागल्यावर शोधतात, आणि त्या वेळी तुमचा तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओही तितक्याच उपयोगाने पाहिला जातो. याउलट प्रेक्षकांचा मोठा हिस्सा यूट्यूबच्या मुख्य पानावरून येत असेल, तर आकडे मे महिन्यात घसरलेले दिसतील. ते तसे दिसणार हे आधीच मनाशी धरून ठेवा आणि दर रात्री ॲप उघडून पाहू नका.

उत्पन्नाच्या नियमांतही तुम्हाला अडचण नाही. जाहिरातींचे उत्पन्न सुरू असलेल्या चॅनलवर ६ महिने किंवा त्याहून अधिक काळ एकही व्हिडिओ वा पोस्ट नसेल तर यूट्यूब ते उत्पन्न बंद करू शकते. दीड महिन्याचा येथे प्रश्नच येत नाही. ज्यांचे चॅनल या उत्पन्नाच्या पात्रतेच्या अजून उंबरठ्यावर आहे, त्यांनी मात्र एक बारकावा पाहावा. १,००० सबस्क्रायबरांबरोबर प्रेक्षकांनी व्हिडिओ पाहिल्याचे जे ४,००० तास लागतात ते मागील १२ महिन्यांचे असतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील तास एकेक दिवसाने गळत जातात आणि या वर्षीचे मे महिन्यातील तास त्यांची जागा भरण्याइतके नसतात. अशा माणसाने ३,९०० तासांवर असताना सुट्टी घेऊ नये, आधी तो टप्पा ओलांडावा.

आता ऑर्डरचा प्रश्न. तुम्हाला चॅनलमुळे पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके मिळतात हे खरे आहे, पण ती कोणत्या व्हिडिओमुळे आणि कोणत्या महिन्यात मिळतात, हे वहीत पाहा. मी ज्या बागायतदारांच्या नोंदी पाहिल्या आहेत, त्यांची आगाऊ नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडावर कैरी दिसू लागल्यावर होते. १५ एप्रिलनंतर येणारे फोन हे बहुतेक आधीच्या गिऱ्हाइकांचे किंवा त्यांनी सांगितलेल्या लोकांचे असतात. म्हणजे विक्रीसाठी लागणारे व्हिडिओ हंगामाच्या आधी तयार असले पाहिजेत. गिऱ्हाईक मे महिन्यात जे शोधते ते दर वर्षी तेच असते: पेटी घरी आल्यावर आंबा कसा पिकवायचा, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग, म्हणजे साका, का निघतो, आणि हापूस म्हणून दुसराच आंबा गळ्यात मारला गेला नाही हे कसे ओळखायचे. कोकणातील रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून शेवटचा प्रश्न अधिकच विचारला जातो. या तीन विषयांवरचे तीन साधे व्हिडिओ मार्चमध्ये करून ठेवा आणि त्यांतील पिकवण्याविषयीचा व्हिडिओ चॅनलच्या पानावर सर्वांत वर लावा. त्याची लिंक पेटीत टाकण्याच्या चिठ्ठीवर क्यूआर कोडच्या रूपात छापली, तर "आंबे अजून हिरवेच आहेत" हे सांगणारे निम्मे फोन येणारच नाहीत.

येथे तुम्ही म्हणाल की मग सगळेच सहा-सात व्हिडिओ आधी करून तारखा लावून ठेवतो, म्हणजे खंडच पडणार नाही. हा मोह मी समजू शकतो, परंतु बागेच्या चॅनलला तो धोक्याचा आहे. देवगडकडील एका परिचितांनी २०२१ साली असेच केले होते. १६ मे रोजी रविवारी सकाळी ९ वाजता त्यांचा आधीच तारीख लावून ठेवलेला व्हिडिओ आपोआप प्रसिद्ध झाला. त्यात ते लगडलेल्या फांदीखाली उभे राहून यंदाचा हंगाम झकास आहे असे हसतमुखाने सांगत होते. त्याच दिवशी तौक्ते वादळ किनाऱ्यावरून जात होते, त्यांच्या बागेत फांद्या मोडून पडत होत्या, वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही, आणि तो व्हिडिओ काढून टाकणेही त्यांच्या हाती नव्हते. लोकांनी खाली जे लिहिले ते त्यांनी चार दिवसांनी वाचले. तेव्हापासून माझा दंडक असा आहे की, तारीख लावून ठेवायचा व्हिडिओ असा असावा की त्यात हवामान, भाव, यंदाचे पीक आणि आजचा दिवस यांपैकी कशाचाही उल्लेख नसेल. वरचे तीन व्हिडिओ या कसोटीला उतरतात. काढणीचा व्हिडिओ उतरत नाही.

चित्रीकरण का थांबवायचे नाही ते आता सांगतो. तुमच्या चॅनलवरचे गेल्या चार वर्षांतील व्हिडिओ मी पाहिले, आणि त्यांत काढणीचे चांगले दृश्य जवळजवळ नाही. बागायतदाराकडे वर्षभर सांगण्यासारखे जे काही असते त्याचे मूळ या ४५ दिवसांत असते, आणि नेमके तेव्हाच तो सुटे सुटे घाईचे व्हिडिओ करून ते खर्ची घालतो. मग पावसाळ्यात दाखवायला काही उरत नाही, आणि तो छत्री धरून रिकाम्या बागेत बोलत उभा राहतो. या वर्षी व्हिडिओ करायचा नाही हे एकदा ठरले, की चित्रीकरण हलके होते. त्यात बोलायचे नसते, पोशाख पाहायचा नसतो, सुरुवात-शेवट जमवायचा नसतो. खिशातला फोन काढायचा, आडवा धरायचा, ३० सेकंद हात स्थिर ठेवायचा आणि परत खिशात टाकायचा. दिवसाला चार तुकडे पुरे.

तुकडे कशाचे घ्यावेत यात मात्र हयगय नको. पहाटे झेल्याने (पाते आणि जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवणारा गडी दूरवरून सगळेच घेतात. तुम्ही झेल्याच्या तोंडाशी फोन न्या: पाते देठाला लागते, देठ तुटतो, फळ जाळीत बसते आणि देठाच्या टोकाशी चिकाचा थेंब जमू लागतो, एवढेच दिसू द्या. आंबा चौदा आणे तयार, म्हणजे काढणीजोगा, आहे हे जाणता माणूस देठाजवळचा खळगा आणि खांदे पाहून सांगतो. तो ज्या फळाला हात लावतो आणि ज्याला न लावता सोडून देतो, ती दोन्ही फळे एकाच तुकड्यात आली तर पाहणाऱ्याला शंभर शब्दांचे काम त्यात होते. अढीत पेंढा बाजूला करून खालचा आंबा वर घेताना हात कसे चालतात, पेटीत थर लावताना प्रतवारी नजरेने कशी होते, मेअखेरीस कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रसाच्या कारखान्याला, जाणारा आंबा क्रेटमध्ये कसा ओतला जातो, हे घ्या. याखेरीज एक फांदी ठरवून टाका आणि १५ एप्रिलपासून दर रविवारी एकाच जागी उभे राहून तिचे ३० सेकंद घ्या. सात रविवारांची ती सात दृश्ये सलग लावली की जूनमध्ये तुमच्या हाती असा साडेतीन मिनिटांचा ऐवज येईल की जो कोणत्याही संपादकाला नंतर तयार करता येणार नाही.

बोलणे नंतर घालायचे असल्यामुळे त्या दिवशी काय झाले हे मात्र त्याच दिवशी नोंदले पाहिजे. रात्री अंथरुणावर पडताना फोनच्या रेकॉर्डरमध्ये एक मिनिट बोला: आज किती पेट्या उतरवल्या, कोणत्या भागातील, फळमाशी कोठे दिसली, वाशीच्या घाऊक बाजारातून काय कळले, गड्यांपैकी कोण काय म्हणाले. दमलेल्या आवाजातली ही टिपणे पुढे ऐकताना अनमोल वाटतात, आणि काही वेळा ती जशीच्या तशी व्हिडिओत वापरता येतात. मी एकदा वापरली आहेत आणि त्या व्हिडिओला माझ्या नेहमीच्या नीटनेटक्या आवाजापेक्षा जास्त लोकांनी दाद दिली.

जागेची काळजी करू नका. साधारण १०८० पिक्सेलच्या एका मिनिटाला बहुतेक फोनवर सव्वाशे एमबीच्या आसपास जागा लागते. दिवसाला दोन मिनिटे धरली तर ४५ दिवसांचे मिळून ११-१२ जीबी होतात. एक ६४ जीबीचे कार्ड भरपूर झाले. दर रविवारी हे तुकडे संगणकावर उतरवून तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकण्याचे काम मुलाकडे द्या, आणि त्याला एवढे बजावून सांगा की तुकडे व्हॉट्सॲपवरून पाठवायचे नाहीत. व्हॉट्सॲप ते दाबून लहान करते आणि मग मोठ्या पडद्यावर ते पाहवत नाहीत. एका बागायतदाराचा संपूर्ण हंगाम असा फुकट गेलेला मी पाहिला आहे. मूळ तुकडे त्याने जागा होत नाही म्हणून फोनमधून पुसून टाकले होते.

टिप्पण्यांच्या बाबतीत सुट्टी पूर्ण घेता येत नाही, आणि त्याचे कारण तुमच्या धंद्यात आहे. हंगामात हापूसच्या व्हिडिओंखाली भामटे स्वतःचा नंबर टाकतात, "ऑर्डरसाठी येथे संपर्क करा" असे बागायतदाराच्या थाटात लिहितात, पैसे आगाऊ घेतात आणि गायब होतात. फसलेले गिऱ्हाईक शिव्या तुम्हाला देते, कारण व्हिडिओ तुमचा असतो. म्हणून सुट्टीवर जाण्यापूर्वी सेटिंगमध्ये सर्व टिप्पण्या तपासणीसाठी रोखून ठेवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे तुम्ही मान्य केल्याखेरीज काहीच दिसणार नाही. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे घरातील कोणीतरी त्या पाहाव्यात. त्यासाठी तुमचा पासवर्ड कोणाला देण्याची गरज नाही. स्टुडिओच्या परवानग्यांमधून त्या व्यक्तीच्या स्वतःच्या ईमेलला मर्यादित अधिकार देता येतात आणि जूनमध्ये ते काढूनही घेता येतात. फोनसाठी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा. याच काळात "तुमच्या चॅनलला प्रायोजक व्हायचे आहे, सोबतची फाईल पाहा" अशा ईमेलही येतील. दमलेला माणूस अशी फाईल उघडून चॅनल गमावून बसतो, तेव्हा जून लागेपर्यंत एकही उघडू नका.

सुट्टीची घोषणा एप्रिलच्या दुसऱ्या रविवारच्या नेहमीच्या व्हिडिओत शेवटी करा आणि तीच पोस्ट म्हणूनही टाका. त्यासाठी वेगळा व्हिडिओ करू नका आणि क्षमा तर मुळीच मागू नका. आंबा काढायला जाणाऱ्या बागायतदाराने कशाची क्षमा मागायची? मजकूर साधारण असा असावा: "काढणी सुरू झाली आहे, त्यामुळे पुढील काही रविवार नवा व्हिडिओ येणार नाही. या काळातले सगळे चित्रीकरण चालू आहे. भेट २० जूननंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी ९ वाजता." यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. तारीख न देता घेतलेली सुट्टी लांबत जाते, हे मी स्वतःवरून सांगतो.

परतण्यासाठी मी १ जून न सुचवता २० जूननंतरचा रविवार सुचवतो, म्हणजे खंड दीड महिन्याऐवजी दोन महिन्यांहून थोडा जास्त होईल, कारण मे संपला म्हणजे तुम्ही मोकळे झालात असे होत नाही. हिशेब, रिकाम्या क्रेटची आवराआवर, बागेच्या राखणीला ठेवलेल्या गुरख्यांचा निरोप आणि लगोलग ७ जूनच्या सुमारास मृग लागला की भाताच्या तरव्याची (रोपांची) धावपळ, हे सगळे त्या पंधरवड्यात येते. पाऊस लागून बाहेरचे काम दोन-तीन दिवस अडले की घरात बसून पहिला व्हिडिओ जुळवा. शक्य झाल्यास दोन तयार ठेवूनच पहिला प्रसिद्ध करा. पहिल्या व्हिडिओत इतके दिवस कोठे होतो याची कैफियत नको. सरळ हंगामाचा हिशेब द्या, किती कलमांवर किती पेट्या झाल्या, किती माल कॅनिंगला गेला, अवकाळीने किती घेतला. रकमा सांगायच्या नसतील तर पेट्यांतच बोला, लोकांना तेवढे कळते. सात रविवारची ती फांदी याच व्हिडिओच्या सुरुवातीला लावा.

दर वर्षी असेच करावे का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. करावे, आणि वेळापत्रकातच तसे लिहून टाकावे. जाहिरातींचे दर साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे चढे असतात आणि जानेवारीत उतरतात, त्या मानाने मे महिन्यातील खंड उत्पन्नालाही फार महाग पडत नाही. जो खंड तुम्हाला महाग पडेल तो ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंतचा. तेव्हा मोहोर येऊ लागतो, फवारणीचे प्रश्न घेऊन दुसरे बागायतदार तुमच्याकडे येतात आणि उत्तर दुसऱ्याच दिवशी हवे असते. त्या महिन्यांत एखादा रविवार चुकण्याची वेळ आली, तर पालवीवरच्या तुडतुड्यांचा दोन मिनिटांचा साधा तुकडा आणि त्यावर तुमचे चार शब्द एवढे तरी जाऊ द्या.